कोंबड्याच्या चपला

बाबा,

वाईच्या चौकात तुमच्या माजी विद्यार्थ्यांनी तुमचा फ्लेक्स लावला होता. फोटो जुना, केस काळे, गळ्यात शिट्टी, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'शिस्तीचा आधारवड हरपला'. वाचून मला आधी हसू आलं आणि लगेच राग आला. ज्या माणसाने एका साध्या प्रश्नाला शेवटपर्यंत हो किंवा नाही असं उत्तर दिलं नाही, त्याची कसली आलीय शिस्त? तुम्ही किती वर्षं पीटी शिकवलीत, किती पोरं मैदानावर घडवलीत, ते शोकसभेत सगळ्यांनी सांगितलं. मलाही माइक दिला होता. मी तो तसाच पुढे सरकवला. मला जे बोलायचं होतं ते तुमच्याशी बोलायचं होतं, आणि ते चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं.

आता अमेरिकेत, हर्नडनला परत आलेय. माझं ऑफिस, ईराची शाळा, नितीनचे कॉल, सगळं पूर्ववत सुरू झालंय. लोक डबे घेऊन येतात आणि सोफ्यावर बसून म्हणतात, आजारपण नाही, अंथरूण नाही, भाग्यवान होते. मी मान डोलावते. भाग्यवान तुम्ही, मी नाही. कृष्णेच्या घाटावरून फिरून आलात, दाराशी चपला काढल्यात, पायरीवर टेकलात आणि संपलात. शेजारच्या कुलकर्णी काकू दूध घ्यायला बाहेर आल्या तेव्हा त्यांना दिसलात. इथे असतात तर मी घरात होते, नितीन घरात होता, आणि ॲम्ब्युलन्स आमच्या कोपऱ्यावरून निघते. हे गणित मी रोज डिशवॉशरमध्ये भांडी लावताना मांडते आणि रोज तुमच्यावर चिडते.

प्रश्न तुम्हाला पाठ होता. आई गेल्यावर वाईत एकटं राहण्यापेक्षा कायमचे आमच्याकडे येता का, एवढाच. तुम्ही सहा महिन्यांसाठी आलात तेव्हा मला वाटलं, आता ठरेल. नितीनने खालच्या मजल्यावरची आपली कामाची खोली तुम्हाला दिली आणि स्वतः लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलावर बसायला लागला. ईराने दारावर 'आजोबांची खोली' असं वेड्यावाकड्या मराठीत लिहून चिकटवलं. तुम्हाला विचारलं की तुम्ही म्हणायचात, "बघू." एप्रिलमध्ये बघू, जूनमध्ये बघू. शेवटी नितीन म्हणाला की सर बघतायत की आपली परीक्षा बघतायत.

मला सलत होते ते तुमचे बूट. आमच्या दारात सगळ्यांचे बूट निघतील तसे पडलेले असतात, टोकं घराच्या आत. तुमचे तेवढे दाराकडे तोंड करून. गुडघा दुखायचा तुमचा, तरी फिरून आल्यावर भिंतीला हात टेकून, वाकून तुम्ही ते वळवून ठेवायचात. रोज. लग्नघरी आलेला पाहुणा ठेवतो तसे. ईरा एकदा म्हणालीसुद्धा, "आजोबा, यू आर ऑलवेज रेडी टू लीव्ह." तुम्ही तिच्या डोक्यावर टपली मारून हसलात. मला हसू आलं नाही.

मग परतीचं ठरलं. लिस्बनपर्यंत मी तुमच्याबरोबर यायचं, चार दिवस शहर बघायचं, मग तुम्ही मुंबईचं विमान धरायचं आणि मी घरचं. शहर तुम्हीच निवडलंत. वसईत जे ठाण मांडून बसले होते त्या पोर्तुगीजांचं मूळ गाव कसं आहे ते बघायचंय म्हणालात, जसं काही ते अजून तिथे तुमची वाट बघत बसलेत. आणि विमानतळाच्या वाटेवर, मी गाडी चालवत असताना, स्वतःहून म्हणालात, "लिस्बनला उतरलो की सांगतो तुला." त्या एका वाक्यावर मी अख्खी रात्र विमानात जागी राहिले. तुम्ही तोंड उघडं टाकून घोरत होतात.

त्या पहिल्या दिवसाबद्दल मला तुमच्याशी भांडायचंय. तेव्हा भांडले, पण पुरेसं नाही.

सकाळी पोचलो तर खोली तयार नव्हती, म्हणून सामान काउंटरवर टाकून तसेच निघालो. रविवार होता. माझ्या फोनवर सगळं लावलेलं होतं: पिवळी ट्राम, मग किल्ला, मग जेवण, मग नदीकाठ. तुम्ही त्याला 'टाइमटेबल' म्हणून हसलात. ज्यांनी अख्ख्या शाळेला घंटेवर नाचवलं ते माझ्या टाइमटेबलला हसले. ट्राम तुम्ही सोडून दिलीत, कारण रांगेत कोणी तरी घुसलं आणि तुम्ही त्याला मराठीत शिस्त शिकवत बसलात. मग पायी निघालो तर तुम्ही प्रत्येक घरासमोर थांबायचात. भिंतींवरच्या निळ्या फरशांवर बोट फिरवायचात. कोणाची तरी कपडे वाळत घातलेली दोरी बघून म्हणालात की हे तर आपल्यासारखंच आहे, यांचा तो एवढा दरारा उगीचच होता.

चढावर मी पुढे गेले आणि मागून शिट्टी वाजली. तुमची शिट्टी, ती. वाईच्या घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलेली, सहा महिने खिशात बाळगलेली. रस्त्यावरचे सगळे वळून बघायला लागले. एका बाईने कुत्रं जवळ ओढलं. चाळिशी उलटलेली मी, ऑफिसात माझ्या हाताखाली माणसं आहेत, आणि मी जागच्या जागी टाचा जुळवून उभी राहिले. "रांग मोडू नको," म्हणालात, एवढंच. रांगेत आपण दोघं होतो.

आणि मग ती घंटा वाजली. गल्लीच्या टोकाला एक जुनं चर्च होतं, माझ्या यादीत नसलेलं. तुम्ही रस्त्याच्या मधोमध थांबलात. डोळे मिटून ऐकलंत आणि म्हणालात, मेणवलीची आहे ही. मला माहीत होतं तुम्ही काय म्हणताय ते. वाईपासून जवळ, नदीकाठच्या त्या घाटावर टांगलेली वसईच्या चर्चची घंटा, तिच्यावर मेरी आणि बाळ. दरवर्षी सहलीला नेऊन पोरांना दाखवायचात, मलाही खांद्यावर घेऊन दाखवलीत. लहानपणापासून त्या घंटेला हात जोडत आलेला माणूस, त्याला हे परकं वाटणार तरी कसं? मी फोनवर किल्ल्याची पुढची वेळ मिळते का ते बघत होते. बाबा, प्लीज, आपला स्लॉट मिस होईल, असं काहीतरी म्हणाले. तुम्ही ऐकलं नाहीत. आत गेलात. मी मागून, फोनकडे बघत.

आत अंधार होता, गार होतं, प्रार्थना संपून लोक पांगत होते. तुम्ही शेवटच्या बाकावर बसलात, हात जोडून. मी फोन पर्समध्ये टाकला. तुम्ही आईशी बोलत असाल असं मला वाटलं. तेवढा वेळ चांगला होता. तेवढा एक वेळ त्या दिवसात मी चिडलेली नव्हते.

बाहेर उन्हात आलो तेव्हा माझं लक्ष तुमच्या पायांकडे गेलं. करडे मोजे. एका अंगठ्याला भोक.

"बूट कुठायत?"

तुम्ही पायरीकडे बोट दाखवलंत. पायरी ओली होती, स्वच्छ धुतलेली, रिकामी. बूट काढून, जोडीने, दाराशी ठेवून तुम्ही आत गेला होतात. इतक्या पर्यटकांमधून, इतक्या बुटांच्या आवाजातून, एकटे तुम्ही. बादली घेऊन उभ्या असलेल्या माणसाला मी खुणांनी विचारलं. त्याने लांब, गल्लीच्या खालच्या टोकाकडे हात केला, जिथून कचऱ्याची गाडी वळून गेली होती, आणि दोन्ही हात हवेत उडवले. त्याचं तरी काय चुकलं? चर्चच्या पायरीवर कोणी बूट सोडून जातं का? खास या प्रवासासाठी मी घेऊन दिलेले बूट होते ते, दोन आठवडे घरात घालून मऊ केलेले. मी तुम्हाला काय काय बोलले ते आठवतंय मला, आणि त्यातला एक शब्दही मी आज मागे घेणार नाही. तुम्ही शांतपणे म्हणालात, "देवळात बूट घालून जातात होय?"

तिथून पुढचा दिवस बुटांचा. तुम्ही मोजेही काढून खिशात घातलेत आणि त्या गुळगुळीत पांढऱ्या दगडांवरून अनवाणी निघालात, छाती पुढे, हात हलवत, जशी काही स्वातंत्र्यदिनाची परेड. निम्मी शाळा अनवाणी पळायची म्हणालात. मी म्हटलं, ती पोरं होती, तुम्हाला मधुमेह आहे. एक बुटांचं दुकान उघडं सापडलं. तुम्हाला स्टुलावर बसवलं. दुकानातली मुलगी, ईरापेक्षा थोडी मोठी असेल, हसत गुडघ्यावर बसली आणि तुमचा पाय हातात घ्यायला गेली. तुम्ही पाय असा मागे ओढलात की स्टूल कलंडलं. शाळेत तुम्ही कोणाला पाया पडू द्यायचा नाहीत, मैदानाच्या पाया पड म्हणायचात, हे त्या बिचारीला कोण सांगणार? ती सॉरी सॉरी म्हणत होती, मी सॉरी सॉरी म्हणत होते, आणि तुम्ही दाराबाहेर.

शेवटी चढावरच्या एका टपरीवजा दुकानात, फ्रिजचे मॅग्नेट आणि टोप्या विकतात तसल्या, तुम्ही स्वतःच हात घालून काढल्यात त्या चपला. रबरी, लालभडक, आणि दोन्हींवर तुरा उभारलेला एकेक कोंबडा. तिथल्या लोकांचा मानाचा कोंबडा म्हणे तो. पाय घातलात, दोनदा आपटून बघितलेत, बरोबर बसल्या. आयुष्यभर पोरांना कान धरून कोंबडा करायला लावलेल्या माणसाच्या पायात कोंबडे. मी तेव्हा हसले असते तर बरं झालं असतं. पण किल्ल्याची वेळ गेली होती, जेवण राहिलं होतं, आणि उतरलो की सांगतो म्हणालेला माणूस उतरून अर्धा दिवस झाला तरी गप्प होता.

म्हणून वरच्या कट्ट्यावर बसल्यावर मीच विचारलं. खाली लाल कौलं, त्यापलीकडे नदी, एक फेरी बोट पलीकडच्या काठाला निघालेली. तुम्ही पाव खात होतात.

"बघू," म्हणालात.

"'बघू' नको, बाबा. हो की नाही? प्लीज, एकदा काय ते सांगा."

तुम्ही पाव संपवलात, हात झटकलेत, आणि बोटीकडे बघत म्हणालात, "मंजू, वाईत मी बूट घालतो आणि निघतो. तुझ्याकडे मी बूट घालतो आणि मग कोणीतरी गाडीची किल्ली शोधतं."

"म्हणजे नाही."

"नाही कुठे म्हटलं मी? बघू."

माझा तोल गेला. मी म्हटलं, नाही म्हणायचं नाहीये ना, मग सहा महिने बूट दाराकडे तोंड करून का ठेवलेत? माझं घर तुम्हाला घर वाटलंच नाही. तुम्ही म्हणालात, सवय आहे. मी म्हटलं, कसली सवय, वाईत ठेवता का असे? आपण तसेच बसून राहिलो, दोन टोकांना, मधे पावाची पिशवी.

आमच्या गल्लीतला फुटपाथ मोठ्या रस्त्याशी येऊन संपतो, हे मला माहीत नव्हतं का? तुम्ही रोज सकाळी तिथपर्यंत जायचात आणि परत फिरायचात. त्याला इलाज होता, बाबा. नदीकाठची पायवाट होती, शनिवारी काका लोकांचा ग्रुप होता, मी नेऊन सोडलं असतं. तुम्ही विचारलंत असतं तर. पण विचारायलाच तर नको होतं तुम्हाला, हे मला आता कळतंय, आणि कळून राग कमी होत नाही. मी तुमच्यासाठी घर मांडत होते आणि तुम्हाला फक्त एक मोकळा रस्ता हवा होता. तो मी कुठून आणणार होते?

उठले तेव्हा मी लंगडत होते. दिवसभर तुमचे बूट शोधताना माझीच टाच सोलली होती, मी कोणाला बोलले नव्हते. "टाच दाखव," म्हणालात. मी नको म्हटलं. तुम्ही ऐकणार थोडेच. कट्ट्यावर बसवलंत, माझा पाय मांडीवर घेतलात, खिशातली पट्टी काढलीत. मैदानावर कोण कधी पडेल सांगता येत नाही म्हणून ती खिशात बाळगायची तुमची जुनी रीत. फुंकर मारून, अंगठ्याने दाबून, कडा नीट बसवून लावलीत. त्या मुलीला पायाला हात लावू न देणारे तुम्ही, भर रस्त्यात लेकीचा मळका पाय मांडीवर घेऊन बसला होतात. मला रडू फुटलं. तुम्हाला वाटलं दुखतंय. म्हणालात, झालं झालं, उद्या पळशील.

उत्तर मात्र दिलं नाहीत. पुढच्या तीन दिवसांतही नाही. विमानतळावर तुम्ही त्याच कोंबड्याच्या चपला घालून मुंबईच्या गेटकडे गेलात, नवे बूट घेऊ दिले नाहीत. वळून हात केलात. नंतर वर्षभर फोनवर तेच: दिवाळी होऊ दे, बघू. थंडी जाऊ दे, बघू. शेवटच्या रविवारीसुद्धा मी विचारलं होतं. काय म्हणालात ते सांगायला नको.

मी वाईत पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं, अग्नी तुमच्याच एका विद्यार्थ्याने दिला. मला वाटलं, निदान तिथे कोणाला तरी ठाऊक असेल. कुलकर्णी काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, सर यंदा येणारच होते तुझ्याकडे. हो म्हणून कळवलंय म्हणाले." मला भरून आलं. दुसऱ्या दिवशी तुमचा न्हावी भेटायला आला, त्याला विचारलं, तर तो म्हणाला सर तर म्हणायचे, मी कुठे जातोय वाई सोडून. म्हणजे गावालाही तुम्ही झुलवत ठेवलंत. जाताना एकाच्या हातात हो दिलंत, दुसऱ्याच्या हातात नाही, आणि माझ्या हातात बघू.

पडवीत, दाराशीच, त्या चपला होत्या. काकू सांगत होत्या की घाटावर रोज याच घालून जायचात, पोरं मागून 'कोंबडा सर' म्हणून ओरडायची, आणि तुम्ही शिट्टी वाजवून त्यांना पळवायचात. रंग उडालेला, एका कोंबड्याचा तुरा झिजलेला. शेवटच्या सकाळी काढल्यात तशाच होत्या, कोणी हात लावला नव्हता. टोकं घराच्या आत. आत येणाऱ्या माणसाच्या चपला अशाच निघतात, त्याला काही करावं लागत नाही. वळवायला वाकावं लागतं. वाईत तुम्ही वाकत नव्हतात.

तेराव्याला छत्री आणि चपलांचं दान झालं, गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे नवी जोडी. जुन्या टाकून दे, काकू म्हणाल्या. गेलेल्या माणसाच्या चपला दारात ठेवू नयेत, माणूस अडकून राहतो. मी हो म्हटलं आणि त्या माझ्या बॅगेत टाकल्या. अडकून राहतो तर राहू दे. एवढे दिवस मोकळं सोडलंच होतं ना?

इथे परत आल्या आल्या त्या दारात ठेवल्या, नितीनच्या आणि ईराच्या बुटांमधे. टोकं आत. मी मुद्दामच ठेवल्या तशा.

काल ईरा शाळेतून आली, बॅग टाकली, आणि त्यांच्याकडे बघत उभी राहिली. मग खाली बसली आणि एकेक चप्पल उचलून दाराकडे वळवायला लागली. मी विचारलं, काय करतेस. म्हणाली, "आजोबा ऑलवेज केप्ट देम लाइक धिस."

मी तिच्या हातातून त्या घेतल्या आणि पुन्हा आत तोंड करून ठेवल्या. म्हटलं, राहू देत. ज्याच्या आहेत त्याला येऊन वळवू दे.